दार मी धरलं होतं

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतरच्या सोमवारी सकाळी सात वाजता, आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना सोसायटीच्या गेटवर थांबवलं. वॉचमन काकांनी रोजच्यासारखा टॅबवर त्यांचा सहा आकडी नंबर टाकला आणि नाव लाल झालं. "मावशी, तुमचं नाव लाल दाखवतंय. आत सोडता येणार नाही." का, ते काकांना माहीत नव्हतं. मावशींनाही नव्हतं. त्यांनी मला चार वेळा फोन केला. आदल्या रात्री रिलीज होता, पहाटे तीनला झोपलो होतो, फोन सायलेंटवर. मी उठलो तोवर मावशी पाऊण तास गेटबाहेर उभ्या राहून घरी गेल्या होत्या. त्या पाऊण तासात सोसायटीतली ओळखीची माणसं शेजारून ऑफिसला गेली. त्यांना काय वाटलं असेल, हे मावशींनी नंतर मला एकदाच सांगितलं. मला ते इथे लिहायचं नाही.

झालं असं होतं, की शनिवारी बी विंगच्या सातव्या मजल्यावरच्या एका घरातून सोन्याची चेन गेली. रविवारी कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा झाली. त्या मजल्यावर काम करणाऱ्या तीन बायकांना 'खबरदारी म्हणून' गेटच्या ॲपमध्ये ब्लॉक करायचं ठरलं. पोलिसांत तक्रार नाही, कुणाला एक प्रश्न विचारलेला नाही. मावशींची आमच्या सोसायटीत सहा घरं होती, त्यातलं एक सातव्या मजल्यावर. एका मजल्यासाठी सहाही घरं बंद झाली, कारण ॲपला मजला कळत नाही. ॲपला फक्त गेट कळतं.

मावशी अकरा दिवस बाहेर राहिल्या.

हे ॲप सोसायटीत मी आणलं. म्हणून हा लेख मी लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी पार्किंगमधून दोन सायकली गेल्या होत्या. एजीएमला नेहमीची भांडणं चालू होती. मी तेव्हा नुकताच वीस वर्षांच्या कर्जावर वन बीएचके घेतलेला, सभेतला सर्वांत लहान सभासद. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि तीन ॲपची तुलना दाखवली. पाहुण्यांची परवानगी फोनवर. कामवाल्या बायकांची हजेरी फोनवर. कुरिअर, दूध, स्विगी, झोमॅटो, सगळ्यांची नोंद फोनवर. टाळ्या पडल्या. मला 'टेक कमिटी' नावाचं एक पद मिळालं, ज्यात मी एकटाच आहे.

एक नियमही मी सुचवला होता. ब्लॉक करायचा अधिकार कमिटीच्या कुणाही एका सदस्याला. अनब्लॉक करायला मात्र तिघांची संमती. आम्ही सर्व्हरच्या बाबतीत असंच करतो. शंका आली की ताबडतोब बंद, पुन्हा सुरू करताना पूर्ण खात्री. सर्व्हरला घरभाडं भरायचं नसतं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. अकरा दिवस का लागले, तर एक सदस्य केरळला फिरायला गेले होते.

दुपारी चार अडतीस

'टेक कमिटी' म्हणून सीसीटीव्ही बघायचं काम माझ्याकडे आलं. त्या घरातल्यांच्या सांगण्याप्रमाणे दुपारी जेवणानंतर चेन कपाटात होती. चारला ते बाहेर पडले, आठला परत आले. ॲपच्या नोंदीनुसार मावशी त्या दिवशी सात वाजून चार मिनिटांनी आत आल्या आणि बारा वाजायच्या आत बाहेर पडल्या. बाकीच्या दोघीही दोनपर्यंत गेलेल्या. ही माहिती त्याच ॲपमध्ये होती, ज्यात त्यांना ब्लॉक करण्यात आलं. ब्लॉक करण्याआधी ती कुणी उघडून बघितली नाही.

मग मी बी विंगच्या लॉबीचा कॅमेरा लावला. चार वाजून अडतीस मिनिटांनी एक माणूस काचेच्या दारातून आत येतो. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर लॅपटॉपची बॅग, कानाला फोन. त्याच्याकडे कार्ड नाही. पुढे चाललेल्या रहिवाशाच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या आहेत आणि त्यानं मागून येणाऱ्यासाठी टाचेनं दार अडवून धरलंय. तो माणूस मान हलवून आभार मानतो. रहिवासीही मान हलवतो.

तो रहिवासी मी आहे.

मेन गेटचा कॅमेरा बघितला. दोन मिनिटं आधी हाच माणूस केबिनसमोरून चालत आत येतो. काका त्या वेळी एका डिलिव्हरीवाल्या पोराचं नाव, नंबर, फ्लॅट नोंदवत आहेत. त्याच्या मागे आणखी दोघं रांगेत. लॅपटॉपवाल्याकडे काका बघतातही, आणि पुन्हा टॅबकडे वळतात. ॲपमध्ये या माणसाची कसलीही नोंद नाही. मी ग्रुपवर फोटो टाकला. कुणीही ओळखलं नाही.

तो चोर होता असं मी म्हणत नाही. असेल कुणाचा पाहुणा, असेल इन्शुरन्सवाला. चेन आजही सापडलेली नाही, आणि ती कुणी नेली हे मला ठाऊक नाही. पण एवढं मी छातीठोकपणे सांगतो. ज्याला कुणी ओळखत नव्हतं तो आमच्या दोन दारांमधून न थांबता आत गेला. आणि जिला अख्खी सोसायटी सहा वर्षं ओळखत होती, तिला गेटवर थांबवलं गेलं. तो आत गेला कारण तो माझ्यासारखा दिसत होता.

आमचं दार नेमकं काय तपासतं?

माझ्या धंद्यात सुरक्षेचं कुठलंही काम सुरू करताना पहिला प्रश्न असतो: कशाचं रक्षण, आणि कुणापासून? याला आम्ही थ्रेट मॉडेल म्हणतो. आमच्या एजीएममध्ये हा प्रश्न मी स्वतः विचारला नाही. विचारला असता तर पुढची तीन भोकं तेव्हाच दिसली असती.

पहिलं भोक म्हणजे कार्ड. लॉबीच्या दाराला टेकवायचं जे पांढरं कार्ड किंवा निळी किल्ली बहुतेक सोसायट्यांत असते, त्यातली स्वस्तातली जात १२५ किलोहर्ट्झवर चालते. तिच्यात बॅटरी नसते. रीडरजवळ नेलं की आतली तार जागी होते आणि कार्ड आपला नंबर ओरडून सांगतं. कुणीही विचारलं तरी सांगतं. यात पासवर्ड नाही, गुप्त खूण नाही. नंबर हीच किल्ली. अशा कार्डाची नक्कल करणारं हातात मावणारं यंत्र ऑनलाइन सहज मिळतं. याहून बऱ्या समजल्या जाणाऱ्या मायफेअर क्लासिक कार्डाची गुप्त पद्धत २००८ साली नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी फोडली. ते संशोधन छापू नये म्हणून चिप बनवणारी कंपनी कोर्टात गेली, आणि हरली. आमच्या सोसायटीत तर नक्कल करायचीही गरज नाही. सोडून गेलेल्या भाडेकरूंची कार्डं बंद केलेली नाहीत. मी यादी तपासली. फ्लॅट ३१२, चालू कार्डं हजाराच्या वर.

दुसरं भोक म्हणजे सभ्यपणा. कुणाच्या तरी मागोमाग आत शिरणं, याला टेलगेटिंग म्हणतात. मोठमोठ्या कंपन्यांना त्यासाठी मेट्रो स्टेशनसारखी फिरती दारं बसवावी लागतात, कारण माणसाला माणसाच्या तोंडावर दार बंद करता येत नाही. नीट कपड्यातल्या माणसाच्या तोंडावर तर नाहीच. मी स्वतः याच विषयातला माणूस, आणि टाच पुढे केली.

तिसरं भोक आपल्या खिशात आहे. गेटवरून नोटिफिकेशन येतं, 'अमुक कुरिअर आलाय, सोडू?' दिवसातून आठ-दहा वेळा. मीटिंग चालू असते, आपण न वाचता 'हो' दाबतो. खरं सांगा, शेवटचं 'नाही' कधी दाबलं होतं? सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या सिस्टिममध्ये एक जण असाच शिरला. एका कंत्राटी माणसाचा पासवर्ड त्याच्या हाती लागला होता. तो पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला, त्या माणसाच्या फोनवर परवानगीची विचारणा पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि अखेर त्यानं एकदा 'हो' दाबलं. सतत विचारला जाणारा प्रश्न हा प्रश्न उरत नाही.

ही तीन भोकं लॅपटॉपवाल्याला मोकळी आहेत. मावशींना मात्र यातलं एकही नाही. त्यांना कार्ड नाही, त्यांच्यासाठी कुणी दार धरत नाही, आणि त्यांच्या बाबतीत 'हो' दाबायला कुणी विचारतही नाही. त्यांचा फोटो, आधारची झेरॉक्स, येण्याजाण्याची मिनिटं आणि वर घराघरांतून दिलेले तारे, हे सगळं आमच्याकडे आहे. म्हणजे आमची सगळी यंत्रणा जिच्यावर रोखली आहे, ती इमारतीतली सर्वांत ओळखीची माणसं आहेत. अमेरिकन सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात अशा प्रकाराला सुरक्षेचं नाटक म्हटलं. आमच्या नाटकाचं तिकीट मात्र प्रेक्षक काढत नाहीत, नट काढतात.

देवडीवरचा माणूस

'पूर्वी चाळीत दारं उघडी असायची' हे रडगाणं मी गाणार नाही. वाड्याच्या दारातही निवड व्हायची. कुणी ओसरीवर बसायचं, कुणी अंगणातच थांबायचं आणि कुणाला वरून पाणी ओतायचं, हे जातीवर ठरायचं, आणि त्याला ॲप लागत नव्हतं. आमचं टॅब त्या परंपरेत अगदी फिट बसतं. फरक इतकाच, की आता कुणाला तोंडानं सांगावं लागत नाही. नाव लाल होतं.

पण दाराबद्दल पुण्याला एक गोष्ट शिकायला हरकत नव्हती. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. हत्तीनं धडक मारू नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे, आणि एका वेळी एकच माणूस वाकून आत यावा म्हणून मोठ्या दारात ठेवलेली छोटी दिंडी. त्या काळातलं ते उत्तम ॲक्सेस कंट्रोल होतं. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, नारायणराव पेशव्यांचा त्याच वाड्यात खून झाला. खून करणारे खिळे चुकवून आले नव्हते. ते पेशव्यांचेच गारदी होते, आणि त्यांची तक्रार थकलेल्या पगाराची होती. कारस्थान वरचं होतं, पण ते अमलात आणायला पगार न मिळालेले हात तयार होते. 'ध'चा 'मा' झाला ही आख्यायिका खरी असो वा नसो, ती टिकली कारण त्यातली भीती खरी आहे: मधल्यामध्ये कुणीतरी एक अक्षर बदलतं आणि माणसाचं नशीब बदलतं. मावशींच्या बाबतीत डेटाबेसमधल्या एका रकान्यातला एक शब्द बदलला होता. कुणी बदलला, हे ॲप रहिवाशांना दाखवत नाही.

आता आमची देवडी बघा. सहा फूट बाय चार फुटांची केबिन, वर पत्रा. काकांची ड्यूटी बारा तासांची. कायद्यानं दिवसाच्या कामाच्या तासांना मर्यादा आहे आणि त्यावर दुप्पट दरानं ओव्हरटाइम. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. त्याखालच्या नमुना नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असं १६० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. आमच्या काकांना पहिल्या दिवशी शर्ट, शिट्टी आणि काठी मिळाली. टॅब कसा वापरायचा ते मी शिकवलं, दहा मिनिटांत. एजन्सीला आपण महिन्याला किती देतो ते ताळेबंदात असतं. त्यातले काकांच्या हातात किती पडतात, हे एकाही सभेत कुणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि अशा माणसाकडून आपली अपेक्षा काय, तर बाराव्या तासालाही त्यानं लॅपटॉपवाल्या साहेबाला अडवावं. त्यानं तसं एकदा केलं होतं. सी विंगमधल्या एका गृहस्थांना कार्ड विचारलं. "मला ओळखत नाहीस?" असा आवाज चढला, तक्रार झाली, एजन्सीनं काकांची दोन दिवसांची खाडी लावली. त्यानंतर काका कुणाला अडवतात आणि कुणाला नाही, हे त्यांना आपण शिकवलंय.

"मग काय, सगळ्यांना आत सोडायचं?"

हा प्रश्न मला ग्रुपवर विचारला गेला, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आमच्या शेजारी एक आजी एकट्या राहतात. मुलगा पर्थला. दुपारी अनोळखी माणसानं बेल वाजवली की त्या साखळी लावून दार उघडतात. त्यांची भीती खरी आहे. रात्री दहाला ऑफिसमधून परतणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींची भीतीही खरी आहे.

म्हणूनच विचारतो, आमच्या गेटनं आजींचं रक्षण काय केलं? अनोळखी माणूस लिफ्टपर्यंत पोचला होता. पोचला नाही तो आजींकडे पोळ्या करणारा माणूस, कारण आजींकडेही याच मावशी जातात. गेल्या उन्हाळ्यात आजी बाथरूममध्ये घसरल्या, तेव्हा आतून आवाज येईना म्हणून शेजाऱ्यांना गोळा करणाऱ्या मावशीच होत्या. मी त्या वेळी भिंतीपलीकडे हेडफोन लावून कॉलवर होतो. जेन जेकब्स या लेखिकेनं १९६१ साली मांडलं होतं, की रस्ता सुरक्षित ठेवतात ती रस्त्यावर असलेली ओळखीची नजर. आमच्या जिन्यात अशी नजर कुणाची आहे? रहिवाशांची नाही. आम्ही दार बंद करून आत बसतो. पाचव्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, सहाव्यावर दोन दिवस पेपर तसाच पडलाय, हे कामाच्या बायकांना, झाडूवाल्या दादांना, दूधवाल्याला माहीत असतं. चोरी झाल्यावर आम्ही इमारतीचे तीन जोडी डोळे काढून टाकले, आणि त्याला खबरदारी म्हटलं.

दुसरी खबरदारी त्याहून भारी. मागच्या जिन्याच्या तळाशी असलेल्या दाराला कुलूप घातलं, किल्ली मेन गेटच्या केबिनमध्ये. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते, की बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. उद्या विजेच्या मीटरना आग लागली, जिन्यात धूर भरला, तर बारा मजल्यांची माणसं त्या कुलपापाशी येऊन थांबतील. सामायिक दाराची दोन कामं असतात: आत येणाऱ्याला पारखणं आणि बाहेर जाणाऱ्याला वाट देणं. पहिलं आम्हाला जमलं नाही, म्हणून दुसरं बंद केलं.

ठराव

या महिन्यात एजीएम आहे. मी पुन्हा प्रोजेक्टर लावणार आहे, या वेळी टाळ्यांची अपेक्षा नाही. मागण्या साध्या आहेत.

मागच्या दाराचं कुलूप आजच काढा; तिथे आतून ढकलून उघडणारी पट्टी आणि उघडल्यावर वाजणारा भोंगा बसवा. सगळी जुनी कार्डं रद्द करून नवी द्या, घर सोडताना कार्ड बंद झाल्याशिवाय ना हरकत पत्र नाही. लॉबीच्या दाराला नीट मिटणारा क्लोजर लावा. सध्याचा बिघडून सहा महिने झाले. गेटवर विचारलं तर सगळ्यांनी कार्ड दाखवायचं, चेअरमननीसुद्धा, आणि विचारल्याबद्दल वॉचमनची तक्रार घेतली जाणार नाही. आठ तासांच्या तीन पाळ्या, एजन्सीकडून पगाराच्या पावत्या, केबिनला पंखा आणि खुर्ची. महिन्याचा मेंटेनन्स यामुळे वाढेल. वाढू दे. क्लबहाउसच्या झुंबराला आपण एका सभेत मंजुरी दिली होती.

आणि ॲपबद्दल: तारे बंद. आधारच्या झेरॉक्स परत. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली सांगितलं, आणि तो अधिकार फ्लॅटच्या चटई क्षेत्रावर मोजून दिलेला नाही. येण्याजाण्याची नोंद तीस दिवसांनी पुसली जाईल. कुणालाही ब्लॉक करायचं तर तीन सदस्यांची लेखी संमती, कारणासकट. अनब्लॉक करायला एकाची पुरे. माझाच नियम, उलटा करून.

ज्यांना हे वाचून 'आमच्याकडे असं नाही' वाटतंय, त्यांनी आज संध्याकाळी घरी जाताना एक करून बघा. गेटमधून शिरताना कार्ड काढू नका, कानाला फोन लावा आणि चालत राहा. कुणी थांबवतं का बघा. मग आपल्याकडे काम करणाऱ्या ताईंना, मावशींना विचारा, त्यांना आजवर कितीदा थांबवलंय.

अकरा दिवसांत मावशींच्या सहापैकी चार घरांनी दुसरी बाई लावली. ती घरं परत आली नाहीत. आमच्याकडे आणि आजींकडे त्या येतात. त्या परत आल्या त्या दिवशी मी माफी मागितली. कशी मागायची ते कळत नव्हतं, म्हणून ॲप, नियम, कॅमेरा, दार, सगळं सांगून टाकलं. त्या कणीक मळत होत्या.

"जाऊ दे दादा," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी काही गेलं ना कुणाचं, तर आधी मला विचारा. काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोला."

ठरावाचा पहिला मुद्दा मी तोच लिहिलाय. ज्याच्यावर संशय आहे, त्याला आधी विचारलं जाईल.